नाटकातली बस

हार्डवेअरच्या दुकानात आलेल्या एका बाईंना घाई होती, पण त्यांच्या पुढे एक म्हातारा सुतार आणि त्याचा मेहुणा बोलत उभे होते.

"दाजी, नाटक बंद पडलं. स्टेजवरची बस आजच फोडायला हवी."

"बाकीची फोड. सीटा ठेव."

"नुसत्या फळ्या तर आहेत!"

"कव्हरं तुझ्या ताईनं शिवलीत. प्रेक्षकांना दिसत नाही म्हणून पलीकडची बाजू मी उघडीच सोडली. तिनं मात्र तिकडच्या सीटांनाही कव्हरं घातली. म्हणे, बसणाऱ्याला तर दिसतं ना!"

"ताईचं आपलं काहीतरीच! स्वतः बसली का कधी?"

"रोज म्हणायची, बसू का? मी म्हणायचो, थांब, रंग ओला आहे."

"मग?"

"रंग वाळायच्या आतच गेली रे ती."

"बोला, काय देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"पेचकस द्या," मेहुणा म्हणाला. "सीटा अलगद सोडवायच्यात."