‘मदत’ हा शब्द मी छापला

मूल, ८ फेब्रुवारी २०२५

सात महिने ही वही उघडली नाही. गिरणीच्या स्मरणिकेत जे छापलं त्याची लाज वाटत होती म्हणून. माफी असावी. आज आमच्या भातगिरणीच्या आवारात बोललो, ते आठवतं तसं उतरवतो.

“अध्यक्षस्थानी असलेले माझे थोरले बंधू सोमाजीभाऊ, व्यासपीठावरील व्यापारी मित्र, पुतणे आदेश, समोर बसलेले शेतकरी आणि हमाल बांधव, आणि जिच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो ती आमची गोकुळावहिनी,

तीस वर्षं वजनकाट्याजवळ बसून वहिनींनी धान पारखलं. पोत्यात हात घालायचा, एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. त्यापायी त्यांचा समोरचा एक दात आता अर्धाच उरला आहे. आदेशने ओलावा मोजायचं मीटर आणलं, तेव्हा आपले वारलूभाऊ हमाल म्हणाले होते, ‘बाईच्या दाताले सेल नाई लागत ना बापा!’ हसा, हसण्यासारखंच आहे.

पण मी इथे कोणत्या तोंडाने उभा आहे? मी या घरातला शिकलेला. गेल्या वर्षी गिरणीच्या स्मरणिकेसाठी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : गिरणी कशी उभी राहिली? वाटलं, सगळ्यांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की घर कळेल. भाऊंच्या गोष्टीत मशीन होती. आदेशच्या गोष्टीत आदेश होता. माझ्या गोष्टीत माझे अर्ज, माझे परवाने. वहिनी म्हणाल्या, ‘मी काय सांगू भाऊजी? मी त मदत करत होती.’

मी तेच लिहिलं. त्यांचेच शब्द, मग प्रामाणिकपणाच झाला ना? पण भाऊही म्हणाले होते, ‘मी त नुसतं बटन दाबत होतो.’ तो विनय समजून मी गाळला. वहिनींचा विनय तेवढा छापला.

आता गिरणीची कंपनी होते आहे. कागदावर तीन नावं : भाऊ, आदेश, मी. चौथं कुठे, असं मी विचारलं तर आदेशने स्मरणिका उघडली. ‘काका, तुमीच त लिवलं, आई मदत करत होती. मदत करणारा भागीदार असते काय?’

उद्या वकिलांकडे सह्या आहेत. भाऊ, सर्वांसमक्ष विचारतो, वहिनींचं नाव घालणार का?”

भाऊ खुर्चीवरूनच बोलले, “घरचं घरी बोल. नसन पटत त सही करू नोको, अन् गिरणीतबी पाय ठेवू नोको.”

वहिनींनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आता काऊन कळवळा आला भाऊजी? छापाच्या आधी मले दाखवलं काऊन नाई? मले वाचता येते.”

मागे कोणी खाकरलं. वेळ नव्हता, असं म्हणणार होतो. तेही खरं नव्हतं. दाखवायचं मनातच आलं नव्हतं. कसाबसा शेवट केला :

“कामं टाकून आलात, आभारी आहे. बोलण्यात काही राहिलं असेल, काही टोचलं असेल, तर मंडळींनी ते पोटात घालावं. वहिनी, तुम्ही मात्र घालू नका.”

उद्या : अकरा वाजता वकिलांकडे जाऊन सांगणे, वहिनींचं नाव नसेल तर माझी सही नाही.