पडद्यामागच्या बायका

नारायणगावला जीप भरायची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"साळुबाई, यंदा तुमच्या जत्रेत चावट पिक्चर लावला म्हनं? असले पिक्चर आता कुणी काढतबी न्हाई."

"काढतील कसे, सायरा? बायकांना रडकेच लागत्यात, असं समद्यांनी ठरवून टाकलंय. आमची कमिटीबी तेच म्हनत व्हती."

"मग?"

"अगं, सासरा शेजारी बसल्यावर हसनार कोन? मी कमिटीला म्हनलं, चावटच लावा, पर आमाला पडद्याच्या मागल्या अंगाला बसवा. चित्र उलटं दिसंल, हसू काय उलटं येतंय व्हय?"

"अन् हसल्या?"

"तोंडाला पदर न लावता! म्हाताऱ्या तर गडाबडा लोळल्या."

"अन् पुढं गडीमानसं?"

"ती आमच्या वरताण! सुना समोर न्हाईत म्हनल्यावर त्यांनाबी मोकळं झालं. एक जन तर नुसता खिंकाळत व्हता. पार मागं ऐकू येत व्हतं. मी म्हनलं, कोन गं ह्यो?"

"कोन निघाला?"

"आमचे मालक! कमिटीचे अध्यक्ष! नातवंडं झाली, सायरा, पर त्यांचं हसू मी काल पहिल्यांदा ऐकलं."