रुंद झालेली सुनंदा

आमच्या सुनंदाची सोयरीक कॉम्प्युटरने मोडतच आणली होती. पनवेलला समाजाचा वधूवर मेळावा होता. पडद्यावर फोटो दाखवायचा प्रोग्राम तिनेच केला होता. आधी फोटो उघडेच ना. उघडला तो तिचाच, भोपळ्यासारखा रुंद.

उरणच्या एका मुलाची आई म्हणाली, "पोर लय जाड हाय. आमाला नको."

सुनंदा म्हणाली, "काकू, मी समोर उभी आहे. फोटोच्या रुंदीचा आकडा चुकलाय."

तिने आकडा बदलला. फोटो नीट झाला. मग तिने बाईंच्या मुलाचा फोटो लावला. त्याच आकड्यात तो निव्वळ काडी!

बाई ओरडल्या, "माजा पोऱ्या सुकला! याला रुंद कर गो!"

मी म्हटलं, "वहिनी, पोरगाच घेऊन या. मी पडद्याला मुलगी देत नाही."

लग्न झालं. जावई आता प्रोग्रामशिवायच रुंद झाला आहे.