गच्चीत बसवलेली पारूबाईची बशी

मी, त्रिंबक निवृत्ती शिवशरण, वय ७२ वर्षे, धंदा - पोस्टातून सेवानिवृत्त, राहणार बुधवार पेठ, सोलापूर. समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे.

मी वरील पत्त्यावर मुलगा व सून बुद्धप्रिया यांच्यासह राहतो. शेजारी नवनाथ कसबे व त्यांची आजी केराबाई, वय नव्वदच्या पुढे, राहतात. काल दुपारी एकच्या सुमारास मी छिन्नी-हातोडा घेऊन त्यांच्या गच्चीवर चढलो, ही नवनाथ यांची तक्रार खरी आहे. शिवीगाळ केली हे खोटे आहे. मी ओरडलो.

निवृत्तीनंतर मी जुन्या विलायती निळ्या-पांढऱ्या बशा जमवतो. त्यांवर पूल, झाड व दोन पक्षी असतात. चित्र दोनशे वर्षे तेच, म्हणून बशी कोणत्या काळातली ते पाठीवरच्या शिक्क्यावरून ठरवावे लागते. चाळीस वर्षे पोस्टात तारखेचे शिक्केच मारले, त्यामुळे हे मला जमते. माझ्याकडे ४३ बशा होत्या. त्यातली एक माझी आई पारूबाई हिची.

आई व केराबाई गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासत. सन १९५१ मध्ये तेथील एक निळी बशी हरवली व आईला कामावरून काढले. सन १९७४ मध्ये आईने मंगळवार बाजारातून एक जुनी निळी बशी विकत आणली. का आणली ते तिने सांगितले नाही. केराबाई पेठभर म्हणत सुटल्या, "बगा, तेवीस वर्सं दडवून ठेवली हुती की." मी तेव्हा बार्शीला नोकरीस होतो. सुट्टीला आल्यावर मीही आईला विचारले, "खरं सांग, कुठली?" तिने बशी ट्रंकेत ठेवली. आई १९९८ मध्ये वारली.

त्या बशीच्या पाठीवर, ती भांडी धुण्याच्या मशीनमध्ये चालते, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले आहेत. मी ते पूर्वीही वाचले होते. असे शब्द १९५५ च्या आधीच्या बशीवर नसतात, हे मला मागील महिन्यात समजले. म्हणजे बंगल्यातली बशी ही नव्हेच. रविवारी केराबाईंना नेऊन दाखवणार होतो. फोटो का काढला नाही असे मला विचारण्यात आले. बशी घरातच होती, म्हणून काढला नाही.

रंगकामामुळे बशा खोक्यात भरून दाराशी ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर माझी चिठ्ठी होती: साल, टवका, तडा. शुक्रवारी नवनाथ यांच्या गच्चीवर चायना मोझॅक करणारे मिस्त्री रुद्रप्पा फुटक्या कपबशा मागत आले. सूनबाईंनी वरचीच 'तडा' ही चिठ्ठी वाचली व खोके देऊन टाकले. त्यांचा दोष नाही. आईचे मी घरात कधी कोणाला सांगितलेच नव्हते.

रुद्रप्पा यांनी बशा फोडून सिमेंटात बसवल्या, निळी बाजू वर व पाठ खाली. आईच्या बशीला पुलावरून आडवा तडा होता. तो तुकडा मी जिन्यालगत ओळखला. शिक्का त्याच तुकड्याच्या पाठीला आहे. नवीन गच्ची बघायला केराबाईंना वर आणले होते. त्या म्हणाल्या, "व्हय, पारूचीच की ही. बंगल्यातली." मी छिन्नी लावली. नवनाथ म्हणाले, "काका, उपटू नगा, गच्ची गळंल." गळू दे, असे मी म्हणालो.

येथे मला बिल विचारण्यात आले. १९७४ च्या बाजाराचे बिल कोण देणार? पंचनामा दिसते त्याचाच होतो, असेही सांगण्यात आले. दिसते ती बाजू मला नको आहे. भरपाई नको. तेवढा वीतभर तुकडा काढावा व केराबाई आहेत तोवर त्याची पाठ त्यांना दाखवावी. त्यांना वाचता येत नाही. नवनाथ यांनी वाचून दाखवावे.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. वर एका ठिकाणी हवालदारसाहेबांनी 'आईने बंगल्यातून आणलेली बशी' असे लिहिले होते. ते खोडून 'विकत आणली' असे केले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.