आनंदरावांचा अंगठा

मंडळी, ऐका! मागचे जरा पुढं सरका, दारात उभं राहू नका — आणि आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपल्यावाचून दहा जणांचं अडतं, हा आपला मोठेपणा, की आपला अपराध?

हां... पुढच्या खुर्च्या चुळबुळायला लागल्या! पुढं कारखान्यांचे मालक बसलेत ना! आणि मागं सतरंजीवर कामगार मंडळी हसायला लागली. हसू नका बाबांनो, तुमचीही पाळी यायची आहे.

ओ चष्मेवाले, फोन वाजतोय तुमचा. घ्या, घ्या! मारुतीराया रागावत नाही... काय म्हणतोय? 'ड्रिल मोडला, दुसरा काढू का?' ऐकलंत? ड्रिल मोडलाय, नवा कपाटात पडलाय, आणि परवानगीचा फोन थेट कीर्तनात! आता मला सांगा, तुम्ही इथं बसलाय, की तिथं?

तर अशाच एका उद्योगवाडीत आनंदराव सुतारांचं वर्कशॉप होतं. धातू कातायचे पाच लेथ, चौदा माणसं. पंपात बसतात ते गनमेटल धातूचे बुश करायचे. बुश म्हणजे काय, माहीत आहे का वहिनी? लहान पोरीच्या बांगडीएवढी, जाड काठाची नळी; भोक अंगठा जाईल एवढं. तिच्यातून पंपाचा दांडा फिरतो. भोक सैल झालं की पंप थरथरतो, तंग झालं की दांडा अडकतो.

मग ते भोक तपासायचं कुणी? आनंदरावांनी! कशानं? अंगठ्यानं! अंगठा आत घालायचा, गर्रकन फिरवायचा — 'पास!' पुढचा घ्यायचा, फिरवायचा — 'नापास!' केसाएवढं कमीजास्त कळायचं हो त्यांना. खोटं सांगत नाही. तीस वर्षं लेथवर घासलेला अंगठा तो!

पण लेथ पाच आणि अंगठा एक! क्रेटवर क्रेट साचायचे. मालक जेवायला गेले — थांबा! मालक तालुक्याला गेले — थांबा! अहो, सख्ख्या मुलीचं लग्न, इकडं भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि कार्यालयाच्या मागं बुशांचा टेम्पो उभा! आनंदराव फेटा सावरत टेम्पोत चढले, दोनशे बुश पास केले, आणि तसेच तेलकट हातानं मांडवात आले. जावयानं लांबूनच नमस्कार केला!

तुम्ही म्हणाल, बुवा, गेज नव्हता का? होता की! भोकात घालायचा पोलादी दांडका तो. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं टोक जाता कामा नये — की बुश बरोबर. इतकं सोपं! असे पाच गेज. मखमलीच्या पेटीत. कपाटात! खंडेनवमीला बाहेर यायचे, हळदकुंकू, झेंडू, नारळ — आणि पुन्हा कपाटात. ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याला नुसता नैवेद्य दाखवायचा, ही कुठली हो भक्ती?

आणि एक दिवस... पंपाच्या कंपनीतून सगळा माल परत आला. बाराशे बुश! सोबत चिठ्ठी — 'भोकं कमीजास्त आहेत. पुन्हा असं झालं तर तुमच्याकडून माल घेणं बंद.' वर्कशॉपचं मोठं गिऱ्हाईक ते एकच. चौदा घरांच्या चुली त्याच्यावर.

आनंदराव तरातरा निघाले, ते थेट तिसऱ्या लेथवर. तिथं कृष्णात चौगुले. बावीस वर्षं कामाला असलेला जुना गडी; सगळ्यात जास्त माल त्याच्याच हातचा.

'कृष्णात, हाताची सफाई गेली तुझी! उद्यापासून येऊ नकोस.'

कृष्णात चाचरला. म्हणाला, 'मालक, बुश मी काढलं. पर पास तुमीच केलासा न्हवं?'

काय चुकीचं बोलला? सांगा! पण आनंदराव पेटले. 'मला शिकवतोस? हे बघ!' म्हणून त्यांनी लेथवरून नुकताच उतरलेला बुश उचलला. तो तापलेला होता. कृष्णातनं फडक्यात धरून खाली ठेवला होता. आनंदरावांनी उघडा अंगठा आत घातला, आणि बोलत सुटले. 'असं गुळगुळीत लागलं पाहिजे! असं!' बोलतायत, बोलतायत, अंगठा आतच! पॅकिंगच्या शालनवहिनी किंचाळल्या —

'मालक, टाका त्ये! अंगठा भाजतोय तुमचा!'

आनंदराव म्हणाले, 'कुठं?'

मंडळी, या 'कुठं'नं माझ्या अंगावर काटा येतो. कातडी लाल झालेली, फोड टरारून वर आलेला — आणि माणूस विचारतोय, कुठं! शुगरनं अंगठा बधिर झाला होता. कधीपासून? कुणास ठाऊक! ज्या अंगठ्यावर चौदा घरं चालायची, त्याला चटकासुद्धा कळत नव्हता.

आणि ज्याला आत्ताच हाकललं, त्या कृष्णातनं काय केलं? मालकाचा हात धरला, नळाखाली नेला, पाणी सोडलं. आणि हळू आवाजात म्हणाला, 'मालक, लेथच्या आवाजात कुनाला ऐकाय न्हाई गेलं. मी आनि शालनवैनी, दोघांनीच बघितलंय. आमी न्हाई बोलणार कुनाला.'

आता झाकता येत होतं! कृष्णातवर ठपका ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. पण आनंदरावांना बसवेना. ऑफिसात गेले, उठले. दारात गेले, परत फिरले. डबा उघडला, घास न घेता झाकला. कुणाच्या लेथपाशी थांबले की तो विचारायचा, 'मालक, बघताय का बुश?' आणि हे तिथून पळ काढायचे. सगळा दिवस असा गेला!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे लेथ बंद करायला लावले. माणसं गोळा केली, कृष्णातलाही बोलावून घेतलं. पट्टी बांधलेला अंगठा वर धरला.

'लेथवर माल कमीजास्त होतोच. तो अडवायचं काम माझं होतं. माझ्या या अंगठ्याला आता काही कळत नाही. आणि ते कुणाला दिसलंही नाही, कारण मी दुसऱ्या कुणाला तपासूच दिलं नाही. कृष्णात, मी तुला हाकललं. मला माफ कर.'

आणि गेज बाहेर काढले! रॉकेलनं हळदकुंकू धुतलं, एकेका लेथवर एकेक ठेवला. 'ज्यानं काढला त्यानंच तपासायचा. नापास तर लाल क्रेटमध्ये. मला विचारायचं नाही.'

आता कामगारांनो, तुमची पाळी! किती जण खूश झाले असतील? एकही नाही! म्हणाले, 'मालक, तुमीच बघा की. आमच्या डोक्याला कशाला ताप?' अंगठा मालकाचा, तर चूकही मालकाची — बरं चाललं होतं ना?

लेथ सुरू झाले. कृष्णातनं बुश काढला, गेज घातला — आणि जाता कामा नये ते टोकही सर्रकन आत! बुश सैल. बाकी सगळे आपापल्या लेथवर. कालच नोकरी जाता जाता राहिलेली. गुपचूप चांगल्यात टाकला असता तर कुणाला कळणार होतं? त्यानं बुश लाल क्रेटमध्ये टाकला. खण्ण!

आनंदराव धावले — 'दाखव, दाखव इकडं!' हात पुढं गेला... आणि थांबला. त्यांनी तो हात पाठीमागं नेला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. म्हणाले, 'आता काय करणार?'

कृष्णात म्हणाला, 'हत्यार झिजलंय. बदलतो. आनि मागचं ईस बुश परत बघतो.' आणि 'करू का' न विचारता कामाला लागला! बावीस वर्षांत पहिल्यांदा!

परत आलेले बाराशे बुश पाच जणांनी दोन दिवसांत तपासले, वाईट निवडून नवे केले, माल गेला. गिऱ्हाईक टिकलं. आनंदराव मात्र महिनाभर तो हात पाठीमागं धरूनच फिरत होते म्हणे!

खुर्चीवाले, तुमचा अंगठा कुठला? सही असेल, कपाटाची किल्ली असेल, 'मला विचारल्याशिवाय करू नका' असेल. कधी तपासलाय? उद्या सकाळी एका माणसाला विचारा — 'माझ्यामुळं तुझं कुठं अडतं?' आणि तो बोलेपर्यंत गप्प उभे राहा. आणि सतरंजीवाल्यांनो, विचारलं तर माना खाली घालू नका, खरं सांगा!

सोपं वाटतं? मग माझं ऐका. हे सदूबुवा माझ्यामागं अकरा वर्षं टाळ धरून उभे आहेत. गळा माझ्याहून गोड. अकरा वर्षांत मी त्यांना एकदाही शेवटचा गजर उचलू दिला नाही. का? चुकले तर, म्हणून? नाही मंडळी. देवापुढं खोटं बोलवत नाही. चुकले नाहीत तर, म्हणून!

या चिपळ्या मी खाली ठेवल्या. सदूबुवा, देवाचं नाव आज तुम्ही उचला... अहो, माझ्याकडं काय बघताय? बघू नका माझ्याकडं! उचला!