डबा, सफरचंद आणि धाकटी जाऊ

...मग झोप कसली लागते हो! या कुशीवर वळले की वाटायचं, नोकरी नाही मिळाली तर? त्या कुशीवर वळले की वाटायचं, आणि मिळाली तर? म्हणजे पोरगी दिवसभर माझ्याशिवाय राहायची कशी? उताणी झाले तर दोन्ही काळज्या एकदम छातीवर! नवऱ्याला हलवलं, तर तो झोपेतच म्हणाला, ‘पालथी झोप.’ सकाळी विचारलं तर, ‘मी? मी कधी बोललो?’

तुम्हाला सांगते, पोर होण्याआधी मी एका मोठ्या वाचनालयाच्या ऑफिसात होते. खिडकीजवळची खुर्ची, टेबलावर माझा स्वतःचा कप, आणि त्या कपातला चहा मी स्वतः, बसून, गरम असताना प्यायचे. आता हे सांगताना माझं मलाच खोटं वाटतं! पोरगी शाळेत जायला लागली, म्हणून म्हटलं बघावं विचारून. तिथल्या मोठ्या बाई फोनवर म्हणाल्या, ‘ये की! तुझी खुर्ची तयार आहे. पण आता आम्ही हाताने याद्याबिद्या करत नाही हं, छोटे छोटे प्रोग्राम लिहितो. तेवढं शिकून घे आणि महिनाअखेरच्या सोमवारी माझ्यासमोर बसून एक करून दाखव.’

तेवढं! तेवढं म्हणे!

लगेच ऑनलाइन कोर्स घेतला. आणि चूक कुठे केली माहितीय? जिन्यात उभं राहून ही बातमी धाकट्या जावेला सांगितली. आम्ही खाली राहतो, दीर आणि ती वर. ती घरी बसून शुभेच्छापत्रांवर चित्रं काढते, ससे, फुगे, असलं काय काय. ती टाळ्या पिटत म्हणाली, ‘अय्या वहिनी, मीपण करते! तेवढीच तुम्हाला सोबत!’ सोबत कसली, शर्यत झाली हो ती! मी काखेत पोर घेऊन अनवाणी पळतेय आणि ही आपली शेजारून सायकलवर, घंटी वाजवत!

बरं, कोर्समधले सर. माणूस वाईट नाही. हसतमुख, मागे भिंतीवर एक कुंडी टांगलेली. ‘नमस्कार मित्रांनो! आज आपण शिकणार आहोत, खिडकी मोठी कशी करायची! इथे वर कोपऱ्यात चौकोन दिसतोय? दिसतोय ना? त्यावर हळूच क्लिक करा. झाली का मोठी? शाब्बास! आता परत लहान करू या!’ अहो, खिडकी लहान-मोठी करण्यात अख्खा धडा! मला वाटलं, हा माणूस किती समजूतदार, आपल्यासारख्यांना सांभाळून घेणारा. आणि खरं शिकवायची वेळ आली, की याची गाडी सुटली! ‘इथे एक कंस, इथे दोन ठिपके, ही ओळ थोडी आत सरकवायची... का, ते पुढे कळेलच!’

का, ते पुढे कळेलच! पुढच्या धड्यात जावं, तर तिथे, ‘हे आपण मागेच पाहिलं आहे.’ कुठे पाहिलं? कुणी पाहिलं? मी मागे गेले, पुढे आले, पुन्हा मागे गेले, मध्ये दार लागलंय की काय म्हणून शोधलं... नाही! मागे गेलं की पुढे कळेल, पुढे गेलं की मागे सांगितलंय. म्हणजे कळायची जागा नेमकी कुठे?

आणि उदाहरण कशाचं, तर सफरचंदांचं. ‘व्हेरिएबल म्हणजे डबा. समजा, तुमच्या डब्यात तीन सफरचंदं आहेत.’ समजलं. डबा म्हटलं की मला सगळं समजतं, माझं आयुष्य डब्यातच चाललंय. ‘आता हा डबा आपण फंक्शनला देऊ. फंक्शन आपलं काम करेल आणि डबा परत करेल.’ झाकणासकट? धुऊन? आमच्या शेजारणीकडे माझा निळा डबा गेलाय, तो पोरीला दात यायचे होते तेव्हापासून, अजून परत नाही, आणि हे फंक्शन म्हणे लगेच परत करतं! का करतं? ...ते पुढे कळेलच! पोरगी माझ्या मांडीत बसून सगळं बघायची. एक दिवस कंटाळून म्हणाली, ‘आई, हे काका नुसतंच सफरचंद सफरचंद करतात. देणार कधी?’ मलाही हेच विचारायचं होतं!

आता दुसरं ऐका. या कोर्सवाल्यांना काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे, आपल्या ओळखीचं कुणी धडा पूर्ण केला की आपल्या मोबाइलवर फुगे उडतात! मी पोरीला आंघोळ घालतेय, हात साबणाने बरबटलेले, आणि मोबाइल टिंग! ‘तुमच्या ओळखीच्या व्यक्तीने व्हेरिएबल हा धडा पूर्ण केला!’ फुगे. मी कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, टिंग! ‘फंक्शन पूर्ण केलं!’ फुगे. मी शाळेबाहेर पोरीच्या हरवलेल्या टोपीवरून बाईंशी हुज्जत घालतेय, टिंग! फुगे, फुगे, फुगे! अहो, मी तिचं चांगलंच चिंतते हो. म्हणजे... चिंतावं असं मला मनापासून वाटतं. पण तिच्या टेबलावर त्या रंगीत पेन्सिली उंचीने लावून ठेवलेल्या असतात, तिच्या ओढणीला कुणी नाक पुसलेलं नसतं, आणि तिचा चहा! वाफ येत असते हो त्याला! त्या वाफेकडे बघून मला जे काही वाटायचं, त्याला चांगलं नाव नाही.

आणि जिन्यात भेटली की वर हसून विचारणार, ‘वहिनी, कसं चाललंय?’

मी काय सांगणार? मी म्हणायचे, ‘छानच की! सोपं आहे गं अगदी!’

‘हो ना? सोपंच आहे!’ म्हणाली, की गेली वर, गुणगुणत. मेली गुणगुणते पण सुरात!

इथवरही मी सहन केलं. पण मग बुटाच्या नाड्यांचं झालं.

शाळेतून निरोप आला, पोरांना नाड्या स्वतः बांधता आल्या पाहिजेत. मी पोरीला पायरीवर बसवलं, समोर उकिडवी बसले, म्हटलं, ‘हे बघ, सोपं आहे! ही नाडी अशी धर, ही अशी फिरव, इथून आत घाल, ओढ. झालं!’

‘अशी का फिरवायची?’

‘अगं, फिरव तर आधी. का, ते पुढे कळे...’

तुम्हाला सांगते, माझी जीभ तिथल्या तिथे थिजली. पाहिलं तर आमच्या दारातही एक कुंडी टांगलेली! पोरीने बूट फेकला तो थेट त्या कुंडीवर, आणि तो उचलून पाय आपटत गेली वर. काकूकडे. संध्याकाळी जिना उतरून आली, तर दोन्ही पायांत नाड्या बांधलेल्या. अशा देखण्या, की दुकानातल्या खोक्यावरच्या चित्रात शोभाव्यात! ‘माझ्या मी बांधल्या! काकूने शिकवलं!’

मी हसले. हसावं लागतं. म्हटलं, ‘अगं, मी पण तेच सांगत होते ना?’

‘नाही. तू समोर बसतेस. सगळं उलटं दिसतं. काकू मागे बसते, तिचे हात माझ्या हातांसारखेच येतात.’ आणि वर हेही, ‘काकू ओरडत पण नाही.’

आता सांगा! कोर्समध्ये पुढे जा, धड्यांपुढे हिरव्या खुणा घे, फुगे उडव, मी काही बोलले? पण माझ्या पोरीच्या नाड्या? त्या तरी मला ठेवायच्या होत्यास गं! त्या रात्री मी पालथीच झोपले. काही फरक पडत नाही.

असं करत करत शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंसमोर बसायचं. आता इथे माझा एक स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. मी कोपऱ्यावर जरी निघाले, तरी पिशवीत पोरीचा एक स्वेटर आणि एक जादा स्वेटर, मोजे आणि जादा मोजे, आणि ते जादा मोजे भिजले तर म्हणून आणखी. त्यामुळे कोर्समध्ये त्या सफरचंदांच्या धड्याला सर म्हणाले, एक फाइल तयार करा, तेव्हा मी दोन केल्या. एक लिहायला आणि तशीच एक जपून ठेवायला. उद्या पहिलीला काही झालं तर? आता कोणती आई एकावर थांबते?

तर रविवारी सराव म्हणून मी प्रोग्राम लिहिला, उशीर झालेली पुस्तकं वेगळी काढायचा. चालवला. पडद्यावर आलं, ‘तुमच्याकडे तीन सफरचंदं आहेत.’ कुठून आली सफरचंदं? मी ओळ बदलली. ‘तुमच्याकडे तीन सफरचंदं आहेत.’ कंस बदलले, ठिपके बदलले, सरांचा तो धडा पुन्हा लावला, ‘असं झालं तर घाबरू नका, ते पुढे...’ बंद केला! शेवटी रागारागाने सगळंच्या सगळं पुसून टाकलं. एक अक्षर ठेवलं नाही! पान कोरं करकरीत! आणि चालवलं...

‘तुमच्याकडे तीन सफरचंदं आहेत.’

अहो, मी किंचाळलेच! काही नसताना सफरचंदं! नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, ‘बंद करून चालू कर.’ याचं हे उत्तर टीव्हीलाही असतं, मिक्सरलाही आणि मलाही. मी कॉम्प्युटरवर डोकं टेकून रडायला लागले. माझी खिडकी, माझी खुर्ची, माझा कप... गेलं सगळं. आणि मग पायऱ्यांवर टप टप टप, दारात पोरगी, आणि पोरीने हाताला धरून ओढत आणलेली धाकटी जाऊ!

‘काकू, आईला येत नाहीये. तू तिच्या मागे बस.’

पोटचं पोर हो! पोटचं!

जाऊ काही मागे बसली नाही, शेजारी बसली. मी डोळे पुसत म्हटलं, ‘काही नाही गं, सर्दी आहे.’ तिने ऐकलं नाही असं दाखवलं. म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही नेहमी करता तसं करा, मी नुसती बघते.’ मी लिहिलं. सेव्ह केलं. चालवलं. सफरचंदं! ती वाकून बघत राहिली, मग हळूच म्हणाली, ‘वहिनी... तुम्ही लिहिताय एका फाइलमध्ये आणि चालवताय दुसरीच.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे ही जपून ठेवलेली आहे ना, तीच दर वेळी चालतेय. आणि तुम्ही जिच्यात एवढं लिहिलंत, ती कुणी कधी चालवलीच नाही.’

माझी सगळी अक्कल त्या पहिल्या फाइलमध्ये, आणि मी दर वेळी निकाल बघतेय जादा मोज्यांचा! तिने हवी ती फाइल उघडून दिली, पुसलेलं परत आणून दिलं, मी जीव मुठीत धरून चालवली... आणि आली हो! उशीर झालेली पुस्तकं, ओळीने, एकाखाली एक! माझ्याच प्रोग्रामने काढलेली! सफरचंद नावाला नाही!

मला आनंद झाला? झाला. आणि लगेच दुसरी कळ आली. म्हटलं, ‘तुला बरं गं, सगळं पटापट कळतं.’ बोलण्यात तिखट पडलं, मलाच जाणवलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘मला? मला त्या सरांचं काय कळणार, डोंबल! मी रोज माझ्या दादाला फोन करते. तो तासतास समजावतो, माझ्यावर खेकसतो, मी रडते, मग माझी माहेरची वहिनी म्हणते बास करा आता, तेव्हा कुठे एक हिरवी खूण मिळते! आणि खाली आले, की तुम्ही आपल्या हसून म्हणणार, सोपं आहे गं अगदी! मी वर जाऊन यांना म्हणायचे, वहिनी पोर सांभाळून, घर सांभाळून शिकतायत, आणि मला नुसत्या सशांतून वेळ काढून जमत नाही! तुमचे फुगे आले नाहीत, की मला वाटायचं, मुद्दाम बंद करून ठेवलेत, मला वाईट वाटू नये म्हणून.’

आता बोला! म्हणजे इतके दिवस मी खाली जळतेय आणि ही वर! मधल्या जिन्याला आग कशी लागली नाही?

‘मग ते गुणगुणणं?’ मी विचारलं.

‘रडू आवरायला,’ ती म्हणाली.

तिचा तो वाफेचा चहा वरून खाली मागवला मी मग. दोघींनी गार होईपर्यंत गप्पा मारल्या आणि गारच प्यायला.

सोमवारी मोठ्या बाईंसमोर बसले. आधी तपासलं, लिहितेय ती आणि चालवतेय ती फाइल एकच आहे ना? एकच होती. ‘तारीख उलटलेली पुस्तकं काढून दाखव,’ त्या म्हणाल्या. पहिल्यांदा अडलं, दुसऱ्यांदा चाललं. बाई म्हणाल्या, ‘ही ओळ इथे का लिहिलीस?’ आणि तुम्हाला सांगते, ‘ते पुढे कळेलच’ हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते! गिळले. का लिहिली ते सांगितलं. मला सांगता आलं! बाई उठल्या, कपाट उघडलं आणि माझा कप काढून टेबलावर ठेवला. कान उडालाय त्याचा, पण माझा!

घरी आले ती रडवेली होऊन. कारण एक काळजी मिटली, तर दुसरी आता खरी झाली होती ना! पोरीला पायरीवर घेतलं, शेजारी बसवलं, समोर नाही, तेवढं शिकले मी! आणि छातीवर दगड ठेवून सांगितलं, ‘बाळा, आई आता ऑफिसला जाणार. शाळा सुटली की तू काकूकडे राहायचंस, संध्याकाळी मी येईपर्यंत.’

तिचे डोळे मोठे झाले. ओठ थरथरला, असं मला तरी वाटलं. मी तिला जवळ ओढलं, मला हुंदकाच फुटला.

‘रोज?’ तिने बारीक आवाजात विचारलं.

‘हो गं राणी,’ मी म्हटलं, ‘काय करणार, रोजच.’

तिने जरा विचार केला, माझे डोळे स्वतःच्या बाहीने पुसले, आणि म्हणाली,

‘रविवारी पण?’