रिठदच्या रस्त्यावरचा खड्डा

(रिसोडला परीक्षा केंद्राच्या बंद फाटकापुढं जीप उभी. आत देवमन आणि त्याची मुलगी धम्मदीपा.)

देवमन : खड्डाच होता, पोरी. आता समजून राह्यलं. तवा वाटलं, माणूस होतं.

धम्मदीपा : मी बाजूलेच बसेल होती ना, बाबा! सांगून राह्यली होती, खड्डा हाय म्हणून.

देवमन : सांगत होती.

धम्मदीपा : तरी जीप फिरवली. पाह्यलं, कोणी नोतं. पुढं आलो, तं पुन्हा फिरवली! वर्षभर अभ्यास केला मी नर्सिंगच्या या पेपरचा.

देवमन : उतरून दुसरी गाडी धरायची होती.

धम्मदीपा : तुमाले तसं एकटं सोडून कशी उतरू? खरं सांगा, दारू पेले होते का?

देवमन : नाही, माय. पेलो असतो तं बरं होतं. लोकाईले सांगता तरी आलं असतं.

धम्मदीपा : मंग काय झालं?

देवमन : चाक उसळलं का डोयापुढं लेकरूच दिसते, रस्त्यावर पडेल. खोटं हाय, मले मालूम असते. पण छाती अशी धडधडते, का पाहून आल्याबिगर जीव राहत नाही. पाह्यलं का जरा बरं वाटते. मंग वाटते, नालीत तं पाह्यलंच नाही.

धम्मदीपा : म्हणून आपल्या जीपमंधी सवाऱ्या बसत नाहीत आता?

देवमन : फाट्यावर हासतात. देवमनची जीप उलटी चालते म्हणतात.

धम्मदीपा : आईले मालूम हाय?

देवमन : तिले वाटते, सांजच्याले मी टायर पाह्यतो. मी रगत पाह्यतो, पोरी. चाकाले लागलं का म्हणून.

धम्मदीपा : एवढं एकट्यानंच?

देवमन : कोणाले सांगू? येडा म्हणतील. तुले पाहाले येणारे दारातूनच वापस जातील. आन् आज तं तुहाच पेपर खाल्ला मी. तोंड दाखवाची लाज वाटते.

धम्मदीपा : इकडं पाहा. माही मैत्रीण सरिता, तिच्या मावशीले असंच होतं. कुलूप लावलं तरी घडीघडी वापस जाये. वाशिमले मनाच्या डॉक्टरकडं नेलं. त्याईनं सांगतलं, बिमारी हाय, येड नाही. गोळ्या देल्ल्या, बोलून बोलून सवय मोडली. आता बाजाराले जाते एकटी.

देवमन : खरंच?

धम्मदीपा : पेपर पुढच्या साली देईन. तुमी वाशिमले चालता का, ते सांगा.

देवमन : चालतो.

धम्मदीपा : मंग काढा जीप.

देवमन : एसटीनं जाऊ, पोरी. जीपनं मी पोचाचा नाही.